कुलूप चुकीच्या कपाटाला लावलंय

गेल्या वर्षी आमच्या तालुक्यातले एक मुख्याध्यापक निवृत्त झाले. शाल-श्रीफळ झालं, भाषणं झाली, बासुंदी-पुरीचं जेवण झालं. त्या जेवणात गुरुजी एकटेच गप्प होते. तीन आठवड्यांपूर्वी त्यांचं सेवापुस्तक पडताळणीहून आक्षेप लागून परत आलं होतं. सातव्या वेतन आयोगाची वेतननिश्चिती चुकलेली आहे, २०१७ च्या पदोन्नतीच्या वेळी एक वेतनवाढ दोनदा धरलेली आहे, सबब जादा प्रदान झालेली रक्कम वसूल करावी. महागाई भत्त्यासकट आकडा दीड लाखाच्या पुढे गेला होता.

चूक कोणाची? गुरुजींची नाही, त्यांनी फक्त सही केली. लिपिकाची म्हणाल, तर त्याने बटण दाबलं आणि प्रिंट काढली. चूक होती एका एक्सेल फाईलमध्ये. आणि ती फाईल पासवर्डने बंद होती.

ज्यांना हा प्रकार माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं मागे जातो. राज्यात सातवा वेतन आयोग लागू झाल्याची अधिसूचना निघाली जानेवारी २०१९ मध्ये. अंमल मात्र १ जानेवारी २०१६ पासून. म्हणजे प्रत्येक कर्मचाऱ्याचा तीन वर्षांचा पगार उलटा जाऊन नव्याने मांडायचा. जुन्या मूळ वेतनाला २.५७ ने गुणायचं, आलेला आकडा नव्या तक्त्यात नेमून दिलेल्या स्तरात शोधायचा, तेवढाच नसेल तर लगेच वरचा घ्यायचा. इथपर्यंत पाचवीतलं पोरगंही करील. पण मधल्या तीन वर्षांत कोणाला पदोन्नती मिळाली, कोणाला वरिष्ठ श्रेणी लागली, कोणी नवीन वेतन कोणत्या तारखेपासून घ्यायचा पर्याय दिला, यात पाच-सहा फाटे फुटतात. वर थकबाकीचे पाच हप्ते. एकेका लिपिकाच्या टेबलावर शेकडो सेवापुस्तकं.

अशा वेळी व्हॉट्सअॅपवर फाईल येते. 'वेतननिश्चिती ऑटोमॅटिक'. नाव टाका, जुनं वेतन टाका, तारखा टाका, 'तयार करा' दाबा. तक्ता, पर्यायाचा नमुना, वचनपत्र, सगळं एका दमात बाहेर. खाली रंगीत अक्षरांत बनवणाऱ्याचं नाव, मोबाईल नंबर, आणि 'फाईलमध्ये कोणताही बदल करू नये'. बदल करायचा म्हटलं तरी होत नाही, कारण शीट लॉक, फॉर्म्युले लपवलेले, मॅक्रोच्या कोडला पासवर्ड.

ही फाईल ज्याने बनवली त्याच्याबद्दल मला एक वाईट शब्द बोलायचा नाही. तोही आमच्यासारखाच जिल्हा परिषदेचा शिक्षक. रात्री जागून, फुकट, कोणी न सांगता त्याने हे काम केलं. जे काम खात्याने करायला हवं होतं ते. गुरुजींचा आक्षेप आल्यावर मी त्याचा नंबर शोधून काढला. आंतरजिल्हा बदलीने तो केव्हाच आपल्या गावाकडे गेला होता. मी सगळं सांगितल्यावर बिचारा हादरला. म्हणाला, "सर, सहा वर्षं झाली. पासवर्ड काय टाकला होता, मलाच आठवत नाही. तुम्हाला काढता आला तर काढा."

काढला. चहा गार व्हायच्या आत काढला.

आत पाहिलं तर पदोन्नतीच्या टप्प्यावर एक वेतनवाढ मिळवली होती. ते बरोबरच. पण कर्मचाऱ्याने एक विशिष्ट पर्याय निवडला असेल तर पुढच्या टप्प्यात तीच वेतनवाढ पुन्हा मिळवली जात होती. एक अट राहून गेली होती, बस. कोणाच्याही हातून राहील. हा कोड उघडा असता तर तालुक्यातल्या लेखा शाखेतल्या एखाद्या चौकस माणसाने २०१९ सालीच पहिल्या आठवड्यात फोन करून सांगितलं असतं, "अहो सर, इथे दोनदा धरताय." पण कुलूपाआड ती चूक वर्षानुवर्षं सुखाने नांदली.

सगळ्यात संताप येतो तो वचनपत्राचा. वेतननिश्चितीसोबत कर्मचाऱ्याकडून लिहून घेतात, की हिशोबात चूक निघाली आणि जादा रक्कम गेली तर ती मी परत करीन. म्हणजे गुरुजींनी एका हिशोबाची जबाबदारी लेखी घेतली, आणि तो हिशोब कसा केला हे पाहायची सोयच त्यांना ठेवली नव्हती. ते वचनपत्रही त्याच फाईलमधून छापून आलं होतं! कोऱ्या स्टँपपेपरवर सही करू नये हे आपण पोरांना शिकवतो. मग ही काय वेगळी होती?

सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये पंजाब राज्य विरुद्ध रफीक मसीह या प्रकरणात सांगून ठेवलंय, की वर्ग तीन आणि चारच्या कर्मचाऱ्यांकडून, तसंच निवृत्त झालेल्या किंवा वर्षभरात निवृत्त होणाऱ्यांकडून अशी वसुली करू नये. गुरुजींनी तो निकाल जोडून अर्ज केलाय. कार्यालय वचनपत्राकडे बोट दाखवतंय. प्रकरण चालू आहे. तोवर निवृत्तीनंतरच्या रकमेतला तेवढा भाग अडकलेला, आणि मुलीचं लग्न तोंडावर.

आता मूळ मुद्द्यावर येतो. तंत्रस्नेही म्हणवणाऱ्या माझ्या सगळ्या भावाबहिणींनो, हे तुमच्यासाठी आहे, आणि राग आला तरी पूर्ण वाचा.

आपण 'फाईलला पासवर्ड टाकला' असं एका श्वासात म्हणतो, पण एक्सेलमध्ये या एका वाक्यात तीन निरनिराळ्या गोष्टी असतात. पहिला पासवर्ड फाईल उघडण्याचा. तो खरा. २००७ च्या ऑफिसपासून असा पासवर्ड टाकला की फाईलमधला मजकूर खरोखर सांकेतिक रूपात जातो, आणि पासवर्ड लांब आणि अवघड असेल तर तो तोडणं सोपं नाही. दुसरा पासवर्ड शीटचा, ज्याने पेशी बदलता येत नाहीत. हा म्हणजे शेताच्या बांधावर लावलेली बाभळीची काटी. गुरं अडतात, माणूस ओलांडून जातो. आजची एक्सेल फाईल ही खरं म्हणजे झिप केलेली पिशवी असते. आतल्या एका साध्या मजकुराच्या फाईलमध्ये 'ही शीट सुरक्षित आहे' अशी एक ओळ असते. ती ओळ खोडली की कुलूप गायब. खुद्द मायक्रोसॉफ्टच सांगते की शीटचं संरक्षण ही सुरक्षेची सोय म्हणून बनवलेलीच नाही, चुकून हात लागू नये म्हणून आहे. तिसरा पासवर्ड मॅक्रोच्या कोडचा. त्याने कोड नुसता नजरेआड होतो. ज्याला बघायचाच आहे त्याला तोही अडवत नाही.

मग दुसऱ्या आणि तिसऱ्या कुलूपाने अडतं कोण? चोर तर अडत नाही. अडतो तो प्रामाणिक लिपिक, शंका आलेला मुख्याध्यापक, हिशोब ताडून बघू इच्छिणारी शिक्षिका. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच.

हे मी काही वरच्या पायरीवरून बोलत नाहीये. पोषण आहाराची माझी स्वतःची फाईल गेली कित्येक वर्षं तालुक्यात फिरते आहे. पटसंख्या टाका, हजेरी टाका, पहिली ते पाचवी शंभर ग्रॅम आणि सहावी ते आठवी दीडशे ग्रॅमने तांदळाचा खर्च, शिल्लक, मासिक गोषवारा तयार. खाली माझं नाव. आणि हो, पासवर्ड. का टाकला होता? खरं सांगतो. माझ्या आधीच्या एका फाईलवरून कोणीतरी माझं नाव खोडून स्वतःचं टाकलं होतं, आणि त्याच फाईलबद्दल त्याचा सत्कार झाला होता. मला झोंबलं. म्हणून लॉक केलं. तेव्हा 'सुरक्षेसाठी' वगैरे जे आम्ही सांगतो ना, त्यातलं निम्मं हे असतं. मेहनतीचं नाव राहावं एवढंच. ही मागणी गैर नाही. पण तिच्यासाठी हिशोब लपवणं हा उपाय नाही.

दुसरं कारण सांगितलं जातं ते असं: "लोक फॉर्म्युल्यात बोट घालतात, फाईल बिघडवतात, मग फोन मला येतात." हे शंभर टक्के खरं. रात्री साडेदहाला "सर, सगळीकडे नुसती जाळीची चिन्हं दिसतात" असे फोन मीही घेतलेत. (रकाना अरुंद झाला होता.) पण यासाठी शीट लॉक करताना पासवर्डची चौकट रिकामी सोडली तरी चालतं! चुकून हात लागत नाही, आणि ज्याला आतलं पाहायचं आहे तो लॉक काढून पाहू शकतो. मूळ प्रत एका ठिकाणी ठेवा, त्यावर तारीख आणि आवृत्ती लिहा, बिघडली तर पुन्हा उतरवून घ्या म्हणावं. लोकांच्या चुकांपासून फाईल वाचवायची असेल तर एवढं पुरतं. आपल्या चुकांपासून लोकांना वाचवायचं असेल तर फाईल उघडीच हवी.

मॅक्रोची गोष्ट तर आणखी पुढची. मॅक्रो म्हणजे नुसता फॉर्म्युला नाही, तो प्रोग्रॅम आहे. तुम्ही परवानगी दिलीत की तुमच्या संगणकावर तुम्हाला जे जे करता येतं ते बहुतेक सगळं तो करू शकतो. फाईल वाचणं, पुसणं, बाहेर पाठवणं. याच वाटेने इतके व्हायरस आले की २०२२ पासून मायक्रोसॉफ्टने इंटरनेटवरून आलेल्या फाईलींमधले मॅक्रो आपणहून बंद ठेवायला सुरुवात केली. वर लाल पट्टी येते ती त्याचीच. आणि आपण काय केलं? 'लाल पट्टी आल्यास घाबरू नये, प्रॉपर्टीजमध्ये जाऊन अनब्लॉक करावे' असे व्हिडिओ बनवले. मीही बनवला होता, परवा काढून टाकला.

विचार करा, आपण हजारो लोकांना काय सवय लावली. अनोळखी नंबरवरून फाईल आली, आत काय आहे दिसत नाही, कोड बंद आहे, संगणक धोक्याची सूचना देतोय, तरी सूचना मोडा आणि पुढे चला. उद्या 'महागाई भत्ता फरक ऑटोमॅटिक' नावाची फाईल एखाद्या भामट्याने सोडली तर आमच्यातला कोण थांबेल? आणि तो संगणक कोणता? ज्यावर शालार्थची बिलं भरली जातात, ज्यावर शाळेच्या बँक खात्याचं काम चालतं, तोच. वर कोणी म्हणेल, अख्ख्या फाईललाच उघडण्याचा पासवर्ड टाकून पाठवू, मग सुरक्षित. उलट आहे. अशी बंद फाईल अँटिव्हायरसलाही आतून तपासता येत नाही. इमोटेट नावाच्या कुप्रसिद्ध व्हायरसवाल्यांनी नेमकं हेच केलं होतं: पासवर्ड लावलेली झिप फाईल ईमेलने पाठवायची, आणि पासवर्ड त्याच ईमेलमध्ये लिहायचा. माणूस उघडतो, पहारेकरी बाहेरच राहतो.

बरं, जिथे खरोखर कुलूप लावायला हवं तिथे आपण काय करतो ते बघा.

पोरांची नावं, जन्मतारखा, जात, आधार क्रमांक, आईचा बँक खाते क्रमांक. शिष्यवृत्तीची यादी, 'आज सायंकाळी पाचपर्यंत न चुकता'. ही यादी कशी जाते? उघडी एक्सेल, दीड-दोनशे जणांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर. त्यातले काही निवृत्त झालेले, काहींचे नंबर बदललेले, एखादा तर पुस्तकविक्रेता, जो ग्रुपवर कसा आला कोणालाच माहीत नाही. कुठलाही पासवर्ड नाही. कधी चुकून असलाच तर खालच्याच मेसेजमध्ये लिहिलेला, १२३४. आधार क्रमांक असा चारचौघांत मांडायला आधार कायद्यात बंदी आहे. व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाचा कायदा २०२३ मध्ये संसदेने केलाय. पण मी आजवर एकाही कार्यालयाला असं म्हणताना ऐकलं नाही की, 'ही यादी ग्रुपवर टाकू नका.' मात्र 'विहित एक्सेलमधील लॉक काढू नये' हे वाक्य डझनभर पत्रांत वाचलंय.

काही जण हुशारी करतात, आधारचा रकाना 'हाइड' करून पाठवतात. हाइड म्हणजे पडदा. मागे माणूस उभाच असतो. उत्तर आयर्लंडच्या पोलिसांना याचा चटका २०२३ च्या ऑगस्टमध्ये बसला. तिथल्या माहिती अधिकाराखाली कोणीतरी साधी आकडेवारी मागितली होती. उत्तरादाखल दिलेल्या एक्सेलमध्ये एक लपलेली शीट राहून गेली, आणि जवळपास साडेनऊ हजार पोलीस आणि कर्मचाऱ्यांची आडनावं, आद्याक्षरं, नेमणुकीचं ठिकाण काही तास जगासमोर उघडं पडलं. जिथे पोलीस असणं शेजाऱ्यापासूनही लपवावं लागतं अशा ठिकाणी. पुढच्या वर्षी त्यांना साडेसात लाख पौंडांचा दंड झाला. आपल्याकडे असं काही झालं तर दंड सोडा, ग्रुपवर 'डिलीट फॉर एव्हरीवन' करून विषय मिटेल.

हिशोब बंद, माणसं उघडी. असं उलटं चाललंय.

"पण उघडी फाईल दिली तर लोक चुका काढतील, नाव खराब होईल," असं एका मित्राने मला सरळ सांगितलं. त्याच्या प्रामाणिकपणाला सलाम. त्याला मी हार्वर्डच्या दोन नामवंत अर्थतज्ज्ञांची गोष्ट सांगितली, राइनहार्ट आणि रोगॉफ. २०१० मध्ये त्यांनी लिहिलं की देशाचं कर्ज उत्पन्नाच्या ९० टक्क्यांच्या वर गेलं की विकास खुंटतो. सरकारी खर्चाला कात्री लावू पाहणाऱ्या बड्या बड्या राजकारण्यांनी त्याचे दाखले दिले. २०१३ मध्ये थॉमस हर्नडन नावाच्या एका विद्यार्थ्याला ते आकडे जुळेनात. त्याने मूळ एक्सेल मागितली आणि, हे महत्त्वाचं, त्यांनी ती दिली. त्याला दिसलं की सरासरी काढताना शेवटच्या पाच ओळी धरायच्या राहिल्यात. ऑस्ट्रेलिया, ऑस्ट्रिया, बेल्जियम, कॅनडा, डेन्मार्क असे पाच देश हिशोबातून गायब. दोघांनी ती चूक मान्य केली. निष्कर्षावर वाद आजही आहे, तो असू द्या. पण ती फाईल पासवर्ड लावून दिली असती, तर ते पाच देश बाहेरच राहिले असते आणि कोणाला पत्ताही लागला नसता.

हार्वर्डवाल्यांची चूक होते, माझी-तुमची होणार नाही का?

आता कार्यालयांना दोन शब्द. पगार, पेन्शन, शिष्यवृत्ती, आहार यांचा हिशोब जर एखाद्या एक्सेलवर होणार असेल, तर ती एक्सेल हा शासकीय दस्तऐवज आहे, कोणा गुरुजींच्या हौसेचा भाग नाही. ती खात्याने तपासावी, खात्याच्या संकेतस्थळावर ठेवावी, बनवणाऱ्याचं नाव ठळक लिहावं आणि जमलं तर त्याला मानधनही द्यावं. कोड आणि फॉर्म्युले उघडे. मॅक्रोशिवाय भागत असेल, आणि दहातल्या आठ वेळा भागतं, तर मॅक्रो नकोच. माहितीच्या अधिकाराच्या कायद्यात, २००५ च्या, कलम ४ मध्ये स्पष्ट आहे की प्रशासकीय निर्णयाची कारणं त्या निर्णयाची झळ बसणाऱ्याला द्यायची. 'एक्सेलमध्ये असंच येतंय' हे कारण होत नाही. गुरुजींना मात्र पहिले दोन महिने हेच उत्तर मिळत होतं.

आणि ज्या याद्यांत माणसांची माहिती आहे, त्यांना उघडण्याचा, खरा, लांबलचक पासवर्ड. तो फोनवर तोंडी सांगायचा, किंवा वेगळ्या वाटेने पाठवायचा. ग्रुपवर नाही. अवघड आहे? आधार क्रमांकांचा गठ्ठा चावडीवर ठेवून यायला आपण कधी तयार झालो असतो का?

मागच्या रविवारी मी माझ्या पोषण आहाराच्या फाईलचं लॉक काढलं. गंमत म्हणजे माझाच पासवर्ड मला आठवेना, त्यामुळे स्वतःच्या घरात खिडकीतून शिरावं लागलं. मॅक्रो काढून टाकले, सगळं साध्या फॉर्म्युल्यांवर आणलं, पहिल्याच शीटवर कशाचा हिशोब कसा केलाय ते मराठीत लिहिलं आणि ग्रुपवर टाकलं. नाव ठेवलंय खाली. कोणाला खोडायचं असेल तर खोडा.

दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता शेजारच्या केंद्रातल्या एका बाईंचा मेसेज आला. "सर, फेब्रुवारीच्या शीटमध्ये २८ च ओळी आहेत. २०२४ ची २९ तारीख गुरुवार होती, शाळा भरली होती." मी उठून बघितलं. खरंच. माझ्या शाळेत त्या दिवशी ६२ मुलं जेवली होती, म्हणजे सहा किलो दोनशे ग्रॅम तांदूळ. त्या मार्चमध्ये गोणीतला तांदूळ आणि कागदावरचा तांदूळ जुळेना म्हणून मी दोन संध्याकाळी डोकं धरून बसलो होतो, आणि शेवटी स्वयंपाकी मावशींना विचारलं होतं, "मावशी, तांदूळ जास्त तर टाकत नाही ना?"

आज शाळेत गेल्यावर आधी त्यांची माफी मागितली.

नवीन फाईल दुपारी टाकतो. बाईंचं नाव माझ्या नावाच्या शेजारी लिहिलंय, त्यांना विचारून.